एक गाव, दोन देश

मुलांनो, आपल्या मॉरिशसच्या चारही बाजूंना समुद्र आहे. पायी चालत दुसऱ्या देशात जाणे आपल्याला शक्यच नाही. पण युरोपात बार्ले नावाचे एक छोटे गाव आहे. तेथील मुले पाव आणायला निघाली, तरी वाटेत दोनतीनदा देश बदलतात!

बार्लेच्या सभोवती शेते आहेत. गावाचा काही भाग नेदरलँड्सचा आणि काही भाग बेल्जियमचा आहे. सुमारे ८०० वर्षांपूर्वी एका ड्यूकने आणि एका जहागीरदाराने येथील जमिनी वाटून घेतल्या. एक शेत याचे, शेजारचे त्याचे. पुढे दोन देश झाले, पण वाटणी तशीच राहिली. आज नेदरलँड्सच्या भूमीत बेल्जियमचे २२ तुकडे बेटांसारखे पसरले आहेत. शेवटच्या तुकड्याची सीमा तर १९९५ साली ठरली.

मग कोणते घर कोणत्या देशाचे? पुढचे दार ज्या देशात, त्या देशाचे घर! घराच्या नंबराच्या पाटीवर त्या देशाच्या झेंड्याचे रंग असतात. एका घराच्या दारातूनच सीमा जाते. त्या घराला दोन नंबर आहेत.

ही झाली गंमत. पण कारभार कसा चालतो? आपल्या खेड्यात एक ग्रामपरिषद असते. बार्लेत दोन परिषदा, दोन नगराध्यक्ष आणि दोन देशांचे कायदे आहेत. समजा, एक रस्ता खणून गटार बांधायचे आहे. तो रस्ता थोड्याच अंतरात बेल्जियममधून नेदरलँड्समध्ये जातो आणि परत येतो. सांडपाणी काही सीमा पाहून थांबत नाही! एकाच परिषदेने काम काढले, तर गटार अर्ध्यावरच राहील. म्हणून १९९८ साली दोन्ही परिषदांनी मिळून एक संयुक्त मंडळ स्थापन केले. गावाच्या सामाईक कामांविषयी दोन्हीकडचे सभासद तेथे एकत्र बसून बोलतात. गावाचे वाचनालयही एकच आहे. तेथे दोन्ही देशांची मुले पुस्तके वाचतात.

तरीही कधी कधी पेच पडतोच, कारण देशाचे कायदे काही गावात होत नाहीत. मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ आली. बेल्जियमने कपड्यांची दुकाने बंद केली. नेदरलँड्समध्ये ती उघडी होती. बार्लेतील एका कपड्यांच्या दुकानाच्या मधूनच सीमा जाते. दुकानदाराने काय केले असेल? त्याने सीमेवर पट्टी लावली, बेल्जियमकडचा भाग बंद केला आणि उरलेल्या भागात कपडे विकले.