झोंबी आले तर सोलापूरकर कुठे जाणार?

मॅक्स ब्रूक्सची ‘वर्ल्ड वॉर झी’ (२००६) वाचून संपवली. सिनेमा (२०१३) पाहिला म्हणून कादंबरी टाळू नका. दोन्हींत नावापलीकडे फारसं साम्य नाही. इथे एकच एक हिरो नाही. युद्ध संपल्यावर जगभरातल्या वाचलेल्यांच्या मुलाखती, बस्स. सैनिक, डॉक्टर, नफेखोर, सगळे बोलतात. स्टड्स टर्केलच्या मौखिक इतिहासाच्या धर्तीवर रचलेली ही मांडणी मला झोंब्यांपेक्षा जास्त भावली.

भारतही आहे त्यात! गुजरातमधल्या अलंगच्या जहाजतोडणी किनाऱ्यावर, जहाजात जागा मिळावी म्हणून उसळलेली गर्दी. कादंबरीतला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग माझ्या मते हाच.

यातले झोंबी कडाक्याच्या थंडीत गोठतात, म्हणून माणसं उत्तरेकडे पळतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार, म्हणजे ती आशाच सोडा! सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याला दुहेरी तट आहे खरा, पण खंदकावर विसंबू नका. हे झोंबी पाण्याच्या तळावरून चालत येतात.

मराठीत ‘झोंबिवली’ (२०२२) हा सिनेमा झाला, तोही धमाल. पण या तोडीची मराठी झोंबी कादंबरी माझ्या वाचनात नाही. कुणाला माहीत असेल तर कमेंटमध्ये नाव नक्की टाका.