शेळी मागच्या खणात, बिबट्या पुढच्या!

दोस्तांनो, समजा बेल्ह्याच्या शिवारात रात्री बिबट्याने वासरू मारलं. सकाळी वनखात्याची गाडी लोखंडी पिंजरा घेऊन आली आणि तुम्हांलाच विचारलं, "बोला, कुठं ठेवायचा?"

"उसात! तिथंच तर तो लपतो."

चुकलात! उसात तो दिवसा झोपतो, पण चालायला त्यालाही मोकळी वाट आवडते. बांधावरून, गाडीवाटेने, ओढ्याच्या कडेने तो जातो. म्हणून आधी ठसे शोधायचे. चार बोटं, मागे मोठी गादी आणि नखांची खूण नाही, कारण चालताना तो नखं आत ओढून घेतो. नखं उमटली असतील तर बहुधा गावातलाच कुत्रा! ठसे बांधावरून उसात शिरतात, तिथं पिंजरा ठेवायचा. किंवा मेलेल्या वासराजवळ. उरलेलं खायला तो बरेचदा परत येतो.

आता आमिष. पिंजऱ्याला दोन खण असतात. मागच्यात शेळी, मध्ये भक्कम गज. कळपातून एकटी पडलेली शेळी रात्रभर ओरडते आणि बिबट्याचे कान मोठे तिखट. तो पुढच्या खणात शिरतो, फळीवर पाय पडतो आणि दार धाडकन खाली! शेळीला ओरखडाही नाही. (घाबरून तिचं काय होत असेल ते तिलाच ठाऊक.) लोखंड पायाला लागू नये म्हणून तळाला माती, वर पाचट.

हे काम वनखात्याचंच हं! 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते.

पण सापडला तोच गुन्हेगार कशावरून? आमिषाला कुणीही भुलतो. शिवाय एक गेला की रिकाम्या जागी दुसरा येतो. मग पकडलेल्याला ठेवायचं कुठं? काही जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या निवारा केंद्रात राहतात. पूर्वी कितीतरी दूरच्या जंगलात सोडले जात. वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय यांनी जुन्नरमध्ये माग काढला, तेव्हा दिसलं की असे परके बिबटे सोडल्यावर माणसांवरचे हल्ले उलट वाढले होते.

बेल्ह्याहून नगरकडे जाताना टाकळी ढोकेश्वर लागतं. 2009 साली तिथल्या विहिरीत पडलेला एक बिबट्या वाचवला गेला. अत्रेयबाईंच्या चमूने त्याचं नाव ठेवलं 'आजोबा'. गळ्यात माग काढणारा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं. तिथं राहायचं सोडून हे आजोबा सुमारे 120 किलोमीटर चालत थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे गेले!