नव्या कुडीत जुनी वही

नृसिंहवाडीचे माझे मामा घरात कोणतीही वस्तू ठेवण्यापूर्वी आधी भिंतीकडे पाहतात. भिंतीवर २००५ सालच्या महापुराची रेघ आहे आणि तिच्याही वर २०१९ ची. त्या दुसऱ्या रेघेच्या वर जे बसेल ते टिकेल, खाली असेल ते कृष्णामाईचे, असा त्यांचा साधा हिशेब. ज्या गावात पुराचे पाणी देवळात उत्तरेकडून शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, आणि त्या दक्षिणद्वार सोहळ्याचे स्नान घडावे म्हणून माणसे लांबलांबहून धावत येतात, त्या गावात पाण्याचा राग धरून कसे चालेल?

तरीही २००५ साली मामा रागावले होते. पाण्यावर नव्हे, स्वतःवर. त्यांची यजमानांची वही फडताळात खालच्या कप्प्यात राहिली होती. कोणत्या घराण्याचा अभिषेक कोणत्या तिथीला, कोणाच्या वडिलांचे श्राद्ध कधी, कोणाची शाखा पुण्याला गेली, कोणाची बेळगावला; तीन पिढ्यांच्या हातची ती वही. पाने उन्हात वाळवली, पण शाई पसरली ती पसरलीच. पुढे २०१२ साली घरात कॉम्प्युटर आला तेव्हा मामींनी भिंग घेऊन ती पुसट अक्षरे लावली आणि दोन बोटांनी, रोज दुपारची झाकपाक झाल्यावर, सारी वही यंत्रात उतरवली. दीड वर्ष लागले. मग लगदा झालेल्या त्या वहीचे रीतसर विसर्जन झाले. मामी २०१७ साली गेल्या.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात मामांनी देवांच्या पेटीबरोबर कॉम्प्युटरही माळ्यावर चढवला. पाणी माळ्यापर्यंत गेले नाही, पण आठ-दहा दिवस त्या घरात जो दमटपणा कोंडून राहिला त्याने आपले काम केले. पूर ओसरल्यावर बटण दाबले तर पंखा एकदा फिरला आणि थांबला. मदरबोर्ड गेला होता. (आमच्या विभागातले एक संस्कृतप्रेमी सहकारी त्याला ‘मातृफलक’ म्हणतात. शब्द वाईट नाही, पण दुकानात जाऊन मातृफलक मागण्याचे धैर्य मला झाले नाही.)

मदरबोर्ड म्हणजे यंत्राच्या पोटातली ती मोठी पाटी, जिच्यावर प्रोसेसर, स्मृतीच्या पट्ट्या आणि साऱ्या तारा येऊन मिळतात. लिहिलेला मजकूर तिच्यावर नसतो. तो हार्ड डिस्कवर, वेगळ्या डबीत असतो. तेव्हा पाटी बदलली की झाले, अशी माझी भोळी समजूत. पहिल्या दुकानदाराने जुन्या प्रोसेसरला चालेल असा बोर्ड बसवला, यंत्र सुरू केले, आणि पडदा क्षणभर उजळून निळा झाला. इंग्रजी अक्षरे, आकडे, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तीनदा तसेच झाले. दुकानदार म्हणाला, “फॉरमॅट मारावं लागतंय.”

फॉरमॅट म्हणजे पाटी स्वच्छ पुसणे. मामांनी एवढेच विचारले, “म्हणजे वही जाणार?” आणि उत्तराची वाट न पाहता डबा उचलून रिक्षात ठेवला.

माझा एक जुना विद्यार्थी जयसिंगपुरात दुरुस्तीचे दुकान चालवतो. माझ्या तासाला तो मागच्या बाकावर झोपत असे. त्याने प्रथम कशालाही हात न लावता हार्ड डिस्क काढली, दुसऱ्या यंत्राला जोडली आणि तिची जशीच्या तशी नक्कल करून ठेवली. “आधी नक्कल, मग अक्कल, मॅडम,” तो म्हणाला. मामींची फाईल तिथे होती. पण उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे, टिंबे आणि कंसांचा चिवडा! ज्या जुन्या वळणाच्या टंकात ती लिहिली होती त्यात ‘क’चा आकार भलत्याच इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेला असे, तो टंक नसेल तर उरतो तो नुसता चिवडा. शिवाय ती यादी ज्या कार्यक्रमात ठेवली होती तो त्याच डिस्कवर बसवलेला, आणि त्याची सीडी पुरात गेलेली. म्हणजे नुसती डिस्क वाचून भागत नव्हते. ते सारे घर, जसे होते तसे, पुन्हा जागे व्हायला हवे होते.

मग त्याने निळ्या पडद्याचे कोडे मला समजावून सांगितले. त्या यंत्रातली ऑपरेटिंग सिस्टिम विंडोज ७. ती प्रथम बसवली जाते त्या वेळी समोरचा मदरबोर्ड डिस्कशी कोणत्या रीतीने बोलतो हे पाहून ठेवते. जुनी रीत आयडीई, नवी रीत एएचसीआय. जी रीत असेल तिचा दुभाष्या, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो पहाटेच कामाला उभा करते आणि दुसऱ्याला निजू देते. मामांच्या जुन्या बोर्डावर आयडीई होती. नव्यावर दुकानातून येतानाच एएचसीआय लावलेली. सुरुवातीची काही पावले बोर्डाच्या मदतीने पडतात, म्हणून पडदा उजळतो. मग ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःच्या पायांवर उभी राहू पाहते आणि जिच्यावर ती स्वतः बसली आहे तीच डिस्क तिला दिसेनाशी होते. निजलेल्या दुभाष्याला उठवावे, तर उठवण्याचा हुकूम त्या न दिसणाऱ्या डिस्कवर. किल्ली घरात आणि कुलूप बाहेर! दोष कोणाचाच नव्हता, बोर्डाचा नाही आणि सिस्टिमचाही नाही.

उपाय ऐकून मला हसू आले. यंत्र सुरू होताच एक कळ दाबून बोर्डाच्या स्वतःच्या मांडणीत शिरायचे, ज्याला बायोस म्हणतात, आणि एका ओळीत एएचसीआयच्या जागी आयडीई करायचे. एक शब्द. आम्ही व्याकरणाची माणसे एका शब्दाने अर्थ बदलतो असे वर्गात सांगतो, पण असा बदललेला क्वचितच पाहतो. पडद्यावर मामींनी लावलेले औदुंबराचे चित्र आले. मामा काही बोलले नाहीत. उपरण्याने चष्मा पुसत राहिले.

चित्र जाडेभरडे दिसत होते, आवाज नव्हता, इंटरनेटही नाही. प्रत्येक नव्या भागाचा दुभाष्या आणून बसवावा लागला. कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी, तीही दहा-अकरा वर्षांपूर्वीची. बोर्डावर रुपयाएवढी एक गोल बॅटरी असते, ती उतरली की यंत्राला काळाचे भान राहत नाही. मामा ताबडतोब म्हणाले, “याला पंचांग द्या आधी.”

शेवटी परवाना. पाटी बदलली की सिस्टिमला वाटते, आपल्याला दुसऱ्याच यंत्रावर नेले. डब्याला परवान्याची चिठ्ठी चिकटलेली होती, तरी फोनवरून खात्री पटवणे आले. पडद्यावरचे ५४ आकडे, सहा-सहांचे नऊ गट, मामांनी संथेच्या सुरात म्हणून दाखवले. “अर्धी जपमाळ झाली,” ते मध्येच म्हणाले. किती यंत्रांवर वापरता, या प्रश्नाला त्यांनी “एकच!” असे ठणकावले. उलट ४८ आकडे आले, ते भरले आणि काम झाले.

आता दिवस बदलले आहेत. विंडोज ७ ची डागडुजी कंपनीने १४ जानेवारी २०२० रोजी थांबवली, विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. विंडोज १० पासून सिस्टिम नव्या पाटीवर बहुधा आपणहून सावरते, आणि २०१६ पासून तिचा परवाना आपल्या खात्याशी जोडून ठेवता येतो. पण नवी अडचण आली आहे. पुष्कळ नव्या यंत्रांत डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद असतो आणि कुलपाची खूण मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये. बोर्ड बदलला की यंत्र ४८ आकड्यांची किल्ली मागते. ती नसेल तर माझ्या विद्यार्थ्याचीही मात्रा चालत नाही. वाचकांनी दिवाळीच्या सुट्टीत ती किल्ली शोधून कागदावर लिहून ठेवावी, आणि नदीकाठी राहत असाल तर कागद कुठे ठेवायचा ते मामांना विचारावे.

मामींची यादी आम्ही त्या आठवड्यातच युनिकोडमध्ये उतरवली, म्हणजे आता ती कोणत्याही यंत्रावर मराठीतच उघडते. एक प्रत माझ्याकडे आहे, एक पेन ड्राइव्हमध्ये, आणि एक छापून वरच्या रेघेच्या वर. तपासताना एका यजमानाच्या आडनावातला अनुस्वार अलीकडच्या अक्षरावर पडलेला दिसला. सवयीने माझा हात तिकडे गेला.

“राहू दे गं,” मामा म्हणाले. “त्यांना फोन करताना मी बरोबर उच्चारतो.”