रूपांतरी यंत्रमानवाचे मूल्यमापन : ‘कॉन्व्हॉय’च्या आधारे

एका शब्दातून दोन अर्थ निघावेत आणि दोन्ही वाक्यात नीट बसावेत, या गुणास भारतीय साहित्यशास्त्राने श्लेष हे नाव दिले. एका वस्तूतून दोन आकृती निघाव्यात आणि दोन्ही पाहणाऱ्यास पटाव्यात, हा ज्या खेळण्यांचा विशेष आहे, त्या रूपांतरी यंत्रमानवांचे मूल्य कोणत्या कसोटीवर ठरवावे, हा प्रश्न वरवर पाहता भाषेच्या अभ्यासकाचा नव्हे. तथापि श्लेषाची परीक्षा करताना ज्या अडचणी येतात त्या येथेही येतात. शिवाय संग्राहकांच्या जगात अशा खेळण्याची किंमत ठरविताना नेमका हा मूळ गुणच पुष्कळदा तपासला जात नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

या खेळण्यांचे कुळ जपानी आहे. टाकारा कंपनीने १९८० मध्ये ‘डायाक्लोन’ ही मालिका सुरू केली. तीत पुढे मोटारगाड्यांचे यंत्रमानव होऊ लागले आणि १९८३ मध्ये मालट्रकाचे रूप घेणारा ‘बॅटल कॉन्व्हॉय’ आला. अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने ही आणि टाकाराच्याच ‘मायक्रोमॅन’ मालिकेतील काही खेळणी घेऊन १९८४ मध्ये ती ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या नावाने विकावयास काढली. डायाक्लोनमधील यंत्रमानव हे केवळ यंत्र होते. ते चालविण्यास आत इवलासा चालक बसे. अमेरिकेत त्यास स्वतःचे व्यक्तित्व, वाणी आणि ‘ऑप्टिमस प्राइम’ हे नाव लाभले. यातील पहिला शब्द लॅटिन असून त्याचा अर्थ ‘सर्वोत्तम’ असा आहे. दुसराही श्रेष्ठत्वच सांगतो. जपानमध्ये मात्र ‘कॉन्व्हॉय’, म्हणजे वाहनांचा तांडा, हेच नाव राहिले. एकाच खेळण्याच्या दोन नावांपैकी एक त्याच्या मानवरूपास आणि दुसरे त्याच्या वाहनरूपास चिकटलेले असावे, हा योगायोग मोठा बोलका आहे.

श्लेष दोन प्रकारचा मानतात. ‘मित्र’ हा शब्द न तोडता सखा आणि सूर्य असे दोन्ही अर्थ देतो, तो अभंग श्लेष. ‘नमन’ हा शब्द ‘न मन’ असा तोडावा तेव्हाच दुसरा अर्थ हाती येतो, तो सभंग. १९८४ च्या कॉन्व्हॉयची छाती हा अभंग श्लेषाचा उत्तम नमुना होय. ट्रकाचा दर्शनी भाग जसाच्या तसा छाती होतो, चालकासमोरच्या काचा छातीवर दिसतात आणि त्या तेथेच असावयास हव्या होत्या असे वाटते. मागील चाकांसह सांगाडा उभा राहिला की त्याचेच पाय होतात. मुठींपाशी मात्र ही रचना अडखळते. त्या सुट्या असून ट्रक करताना काढून ठेवाव्या लागतात. पदरचे अक्षर घातल्यावाचून जो श्लेष साधत नाही, त्यातलाच हा प्रकार. संग्राहकांच्या बोलीत यास ‘पार्ट्सफॉर्मिंग’ म्हणतात. अवयव काढावा लागत नाही, पण दुसऱ्या रूपात तो निरर्थक लोंबत राहतो, अशा अवशेषास त्याच बोलीत ‘किबल’ हे नाव आहे. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ भरड दळलेले दाणे असा आहे. मागचा ट्रेलर हा या खेळण्यातील सर्वांत मोठा अवशेष. त्याचा यंत्रमानवाच्या देहाशी काहीच संबंध नसल्याने रचनाकारांनी तो उघडून त्याचा तळ करण्याची सोय केली. दूरचित्रवाणीवरील चलच्चित्रमालिकेत तर रूपांतर होताच तो बहुधा कोठेतरी निघून जातो आणि त्याची चौकशी कोणी करीत नाही.

याच आकृतीची प्रौढ संग्राहकांसाठी केलेली आवृत्ती टाकाराने २००३ मध्ये ‘मास्टरपीस’ मालिकेत एमपी-०१ या क्रमांकाने आणली. तीत ओतीव धातूचा वापर भरपूर असून ती उंच व वजनदार आहे. हातात घेणाऱ्यावर प्रथम छाप पडते ती या वजनाची. २०११ मध्ये आलेला एमपी-१० त्यापेक्षा लहान असून मुख्यतः प्लास्टिकचा आहे. पुढील वाहनरूपी यंत्रमानव त्याच्या शेजारी योग्य प्रमाणात दिसावेत, असे माप त्याच्यापासून धरले गेले. दोहोंत मुठी हाताच्या आत दुमडतात. पाणिनीने लोप म्हणजे नाश न म्हणता केवळ न दिसणे म्हटले आहे. मुठीची ही व्यवस्था त्या व्याख्येत तंतोतंत बसते. वजनावरून एमपी-०१ ला वरचढ ठरविणारे पुष्कळ आहेत, परंतु वजन हा धातूचा गुण आहे, रचनेचा नव्हे. दोन रूपे आणि त्यांमधील वाट यांचा एकत्र विचार केल्यास एमपी-१० कडेच झुकावे लागते. तुलना करताना आवृत्तीही पाहावी लागते : एमपी-०१ च्या २००४ मधील अमेरिकी आवृत्तीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी धुराडी आखूड केली असून तेवढ्याने ट्रकाचे रूप खुरटे दिसते.

या मधल्या वाटेस व्याकरणातील रूपसिद्धीची उपमा शोभेल. कोणते कार्य आधी आणि कोणते नंतर, हे तेथे ठरलेले असते. क्रम चुकल्यास रूप सिद्ध होत नाही, आणि खेळण्याच्या बाबतीत बिजागरी मोडते. चांगल्या रचनेत एका कृतीने दुसरीस जागा करून द्यावी. पायऱ्या पुष्कळ असणे हा स्वतंत्र गुण नव्हे, हे विसरले जाते.

बाजाराची दृष्टी याहून निराळी आहे. खोके न उघडलेले असल्यास किंमत अनेक पटींनी वाढते. अमेरिकेत ‘ॲक्शन फिगर ऑथॉरिटी’सारख्या संस्था अशा खोक्यास गुण देऊन ते पारदर्शक आवरणात बंद करतात. हे गुणांकन निरुपयोगी नाही; खोक्याचे कोपरे, छपाई आणि अस्सलपणा यांची साक्ष त्यातून मिळते. जुन्या खोक्यांवर ‘रोबोट पॉइंट’ छापलेले असत. ते कापून टपालाने पाठविले की विशेष खेळणी मागविता येत, आणि मुलांनी ते कापले म्हणून आज त्या खोक्यांची किंमत घटते. परंतु बंद खोक्यातील रूपांतर कोणी पाहिलेले नसते. तो न उच्चारलेला शब्द होय. त्याचे दोन अर्थ आहेत असे केवळ ऐकिवात असते. शिवाय बंद राहिल्याने वस्तू टिकतेच असेही नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस काही खेळण्यांत वापरलेले सोनेरी झाक मिसळलेले प्लास्टिक खोक्यातच ठिसूळ होते आणि पहिल्याच वळणावर त्याचे तुकडे पडतात. पांढरे प्लास्टिक काळाने पिवळे पडते. उलट, प्रत्येक रूपांतराने सांधे थोडे झिजतात आणि चकाकता मुलामा घासला जातो. मूळ गुण तपासावा तर वस्तू खर्ची पडते, न तपासावा तर तो आहे हे कळत नाही, असा हा पेच आहे.

म्हणून उघडलेले, परंतु मुठी, बंदूक, अस्त्रे आणि ट्रेलरमधील लहान गाडी यांसह पूर्ण असलेले जुने खेळणे परीक्षेस अधिक सोयीचे. ते विक्रेत्यासमोर एकदा ट्रकापासून यंत्रमानवापर्यंत आणि परत ट्रकापर्यंत नेऊन पाहावे. दोष बहुधा परतीच्या वाटेवर उघडे पडतात : उभ्या रूपात लपलेला वाकडेपणा ट्रक मिटताना फटीच्या रूपाने दिसतो, आणि सैल झालेले पाय सांगाड्यात घट्ट बसत नाहीत. सांध्यालगत प्लास्टिकवर पांढुरकी रेघ दिसल्यास तेथेच थांबावे.