सातेरीची उपासमार थंडीत नव्हे, पावसात

परदेशी व्हिडिओ पाहून डिसेंबरात पेटीत साखरेचा पाक ठेवणारे नवे मधपाळ भेटतात. जुलैत मात्र त्यांची तीच पेटी रिकामी होते. हे टाळता येण्यासारखं आहे.

गैरसमज : हिवाळ्यात माश्यांना भरवावंच लागतं.
वस्तुस्थिती : हे युरोपातल्या थंडीसाठी खरं. तिथे माश्या झोपी जात नाहीत; पोळ्यावर घट्ट गोळा होऊन उडण्याचे स्नायू थरथरवत ऊब धरतात. या उबेचं जळण म्हणजे मध. वसाहतीला साधारण १५ ते २० किलो साठा लागतो आणि कमी पडणारा साठा पाक देऊन थंडीआधीच पुरा करतात. गारठ्यात पातळ पाकातलं पाणी उडवणं माश्यांना जमत नाही.

आपल्याकडे थंडीत कांद्याचं बियाणं, धने, सूर्यफूल फुलतं. सातेरीचे, म्हणजे आपल्या देशी पाळीव मधमाशीचे, हाल होतात ते पावसाळ्यात. महाबळेश्वरच्या डोंगरात उन्हाळ्यात जांभळाचा मध निघतो आणि मग आठवडेच्या आठवडे पावसामुळे माशीला बाहेर पडता येत नाही.

गैरसमज : उपासमार झाली तर मेलेल्या माश्या दिसतीलच.
वस्तुस्थिती : सातेरी बहुतेकदा पेटी सोडून जाते. अन्न आटलं की राणीचं अंडी घालणं मंदावतं, माश्या कमी होतात, उघड्या पोळ्यांत मेणकिडा शिरतो आणि एके सकाळी पेटीत कुणी नसतं.

गैरसमज : साखरेपेक्षा गूळ बरा, नैसर्गिक आहे.
वस्तुस्थिती : निरोगी कामकरी माशी पेटीत विष्ठा टाकत नाही, उडण्याची वाट पाहते. गुळातले न पचणारे घटक पोटात साचतात आणि पावसात कोंडलेल्या माश्यांना हगवण लागते. स्वच्छ पांढरी साखर आणि गरम पाणी सारख्या वजनाने घ्या. पाक निवला की संध्याकाळी पेटीच्या आत ठेवा, रात्रीत संपेल एवढाच. दमट हवेत तो लवकर आंबतो. माश्या बुडू नयेत म्हणून पाकात काड्या टाका. बाहेर सांडू देऊ नका, नाहीतर शेजारच्या वसाहती लुटायला येतात. बाजारातला मधही नको, त्यातून रोग येतात.

साखर दिली म्हणजे मध भेसळीचा, असंही म्हणतात. वरची मधकोठी काढून, टंचाईत जगण्यापुरतं दिलं तर तो पाक माश्याच संपवतात. फुलोऱ्यात, मधकोठी बसवलेली असताना पाक देणं ही मात्र सरळ फसवणूक आहे.

आणि मे महिन्यात मध काढताना खालच्या, पिलाव्याच्या कोठीतल्या मधाला हात लावू नका. पावसाळ्यासाठी सातेरीने तो ठेवलेला असतो.