आरोपीने दिलेलं प्रशस्तिपत्र

18 मार्च 1922 रोजी अहमदाबादच्या शाहीबागेतल्या सर्किट हाउसमध्ये एक खटला उभा राहिला. आरोपी मोहनदास करमचंद गांधी, आरोप राजद्रोहाचा. सरकारच्या बाजूने मुंबईचे ॲडव्होकेट जनरल सर थॉमस स्ट्रँगमन, आणि न्यायासनावर जिल्हा न्यायाधीश रॉबर्ट ब्रूमफील्ड. गांधीजींनी गुन्हा कबूल केला. तरीही स्ट्रँगमन उठले आणि शिक्षा ठरवताना मुंबई, मद्रास आणि चौरीचौरा इथला हिंसाचार विसरता येणार नाही, असं त्यांनी न्यायाधीशांना सांगितलं. त्यानंतर गांधीजी बोलायला उभे राहिले आणि सुरुवातीलाच म्हणाले, की ॲडव्होकेट जनरलनी माझ्याबद्दल जे सांगितलं ते मला मान्य आहे. त्यांनी माझ्यावर अन्याय केलेला नाही. मग सहा वर्षांची शिक्षा झाली.

हा प्रसंग कितीही वेळा वाचला तरी मी थक्क होतो. ज्याला तुरुंगात पाठवायचं आहे, तोच पाठवणाऱ्याच्या रास्तपणाची ग्वाही देतो! कायदा जुलमी होता, सत्ता परकी होती, शिक्षा कठोर होती. तरी सरकारी वकिलाचं काम चोख होतं की नाही, हा प्रश्न या सगळ्यापासून वेगळा काढता येतो, हे त्या एका वाक्यातून कळतं. लोकशाहीत तर तो वेगळा काढावाच लागतो. सरकारी वकिलाने मर्यादा सोडली, तर त्याला जाब कोण विचारणार? या प्रश्नाचा माग काढत गेलं की वाट बारडोलीला पोहोचते.

सुरत जिल्ह्यातला हा तालुका त्या खटल्याच्या पार्श्वभूमीवर आधीपासून होता. 1922 च्या फेब्रुवारीत गांधीजी बारडोलीतूनच सविनय कायदेभंग सुरू करणार होते. चौरीचौऱ्याची बातमी आली, काँग्रेस कार्यकारिणीची बैठक बारडोलीतच भरली आणि लढा थांबवण्यात आला. महिन्याभरात गांधीजींना अटक झाली.

सहा वर्षांनी बारडोली पुन्हा उभी राहिली. डेप्युटी कलेक्टर जयकर यांनी शेतसारा सुमारे 30 टक्क्यांनी वाढवावा अशी शिफारस केली होती. वरिष्ठ अधिकारी अँडरसन यांनी जवळपास तेवढीच वाढ वेगळ्या आधारावर सुचवली आणि सरकारने शेवटी 22 टक्के ठरवली. 12 फेब्रुवारी 1928 रोजी वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली खातेदारांनी सारा न भरण्याचा निर्धार केला. मग जप्त्या आल्या, जमिनी खालसा करण्याच्या नोटिसा आल्या आणि खटलेही आले. रविशंकर महाराजांसारख्या कार्यकर्त्याला सक्तमजुरी झाली.

या खटल्यांकडे जरा जवळून पाहू. फिर्याद सरकारी नोकराची, साक्षीदार बहुतेक सरकारचेच, आणि मॅजिस्ट्रेट ज्या राज्ययंत्रणेचा भाग, तीच यंत्रणा सारा वसूल करायला बसलेली. त्या काळी खालच्या कोर्टात खटले चालवायचं काम सर्रास पोलीस अधिकाऱ्यांकडेच असे. सत्याग्रही तर बचाव करत नसत. अशा कोर्टात आरोपीच्या बाजूने उलटतपासणी नाही, हरकत नाही, अपील नाही. मग त्याला संरक्षण उरतं फक्त खटला चालवणाऱ्याच्या सचोटीचं. ती डळमळली, तर दप्तरात तिची खूणही राहत नाही.

6 ऑगस्ट 1928 रोजी तडजोड झाली. कैदी सुटले, जमिनी परत द्यायचं ठरलं, राजीनामे दिलेल्या तलाठ्यांना पुन्हा कामावर घ्यायचं ठरलं आणि सारावाढीच्या चौकशीसाठी दोन अधिकारी नेमले गेले. महसूल खात्याचे मॅक्सवेल आणि न्याय खात्याचे ब्रूमफील्ड. होय, तेच ब्रूमफील्ड! ज्यांनी गांधीजींना सहा वर्षं दिली होती, त्यांच्याचपुढे आता सरकारचे आकडे तपासायला होते. शेतकऱ्यांची बाजू भुलाभाई देसाईंनी मांडली.

पुढे जे घडलं त्यात पराक्रम कागद वाचण्याचा आहे. सारावाढीचा मोठा आधार होता जमिनीच्या खंडाचे आकडे. जमीन खंडाने इतकी महाग जाते, म्हणजे नफा वाढलाय, म्हणजे सारा वाढवायला हरकत नाही, असा तो हिशेब. चौकशी अधिकारी गावोगाव गेले आणि त्यांनी एकेका खंडाची नोंद मालकाला आणि कुळाला समोर बसवून तपासली. तेव्हा दिसलं, की खंड म्हणून मांडलेल्या कितीतरी रकमा खंड नव्हत्याच. कुठे जमीन गहाण पडलेली होती आणि ‘खंड’ म्हणजे कर्जाचं व्याज होतं. कुठे व्यवहाराला इतर अटी चिकटलेल्या होत्या. मूळ अधिकाऱ्यांनी ही छाननी केलीच नव्हती. अहवाल आला 1929 मध्ये, आणि 22 टक्क्यांची वाढ सहा टक्क्यांच्या आसपास खाली आली. दोन सरकारी अधिकाऱ्यांनी सरकारच्याच अधिकाऱ्यांचं काम चुकीचं ठरवलं आणि ते छापून जाहीर झालं.

पण या विजयात एक कोपरा रिकामा राहिला. चौकशीचा विषय सारा एवढाच होता. जप्त्या आणि खटले कसे चालवले, हा तिचा विषय नव्हता. दडपशाहीची पाहणी कन्हैयालाल मुनशींच्या समितीने केली, पण ती बिनसरकारी. आकडे चुकवणाऱ्यांचा हिशेब झाला, खटले चालवणाऱ्यांचा झाला नाही. तो कोपरा भरायला देशाला पुढची कित्येक दशकं लागली आणि त्यातली महत्त्वाची पावलं गुजरात आणि महाराष्ट्रातल्याच खटल्यांनी टाकली, हे मला विलक्षण वाटतं.

पहिलं पाऊल रचनेचं होतं. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने मॅजिस्ट्रेटच्या कोर्टासाठी वेगळे सहायक सरकारी वकील आणले आणि पोलिसाला ते पद सहसा मिळू नये अशी तरतूद केली. कायदा बदलला, खुर्ची मात्र लगेच हलली नाही. महाराष्ट्रात हे वकील पोलीस खात्याच्याच शिस्तीखाली होते. म्हणजे ज्यांच्या तपासातली चूक दाखवायची, बढती आणि बदली त्यांच्याच हातात. 1995 मध्ये शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की या वकिलांना पोलिसांच्या ताब्यातून पूर्णपणे सोडवा आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र खातं करा.

दुसरं पाऊल स्वतंत्र बुद्धीचं. 1994 च्या हितेंद्र विष्णू ठाकूर खटल्यात प्रश्न ‘टाडा’ या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या कोठडीचा होता. मुदत वाढवायची तर सरकारी वकिलाचा अहवाल लागे. पोलिसांनी दिलेला कागद वकिलाने पुढे सरकवला, की झालं? न्यायालय म्हणालं, नाही. सरकारी वकील हा तपास यंत्रणेचा टपालवाला नव्हे. त्याने स्वतः विचार करायचा आणि मुदतवाढ का हवी, याची कारणं आपल्या सहीने द्यायची. एकदा सही त्याची झाली, की जबाबही त्यालाच द्यावा लागतो.

तिसरं पाऊल सगळ्यात कठीण होतं. 1 मार्च 2002 रोजी दंगलीत वडोदऱ्यातल्या बेस्ट बेकरीत 14 जणांचा बळी गेला. 2003 मध्ये तिथल्या जलदगती न्यायालयाने सर्व 21 आरोपींना सोडलं. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले होते. 12 एप्रिल 2004 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि सरकारी वकिलावर कडक ताशेरे ओढले. ज्याने सत्य कोर्टापुढे ठेवायचं, तो बचावाच्या वकिलासारखा वागला, असा त्यांचा आशय. इथे दोष उलट्या दिशेचा आहे, हे ध्यानात घ्यायला हवं. राजकीय ताणाच्या खटल्यात सरकारी वकील निरपराधावर तुटून पडू शकतो, तसाच गुन्हेगारासाठी मुद्दाम हरूही शकतो. पहिल्यात आरोपी ओरडतो. दुसऱ्यात ओरडायला असतात फक्त मेलेल्यांचे नातेवाईक.

न्यायालयाने खटला महाराष्ट्रात नेला, नवा सरकारी वकील नेमायला सांगितलं आणि त्यासाठी नाव सुचवण्याची मुभा पीडितांनाही दिली. 24 फेब्रुवारी 2006 रोजी मुंबईत न्यायाधीश अभय ठिपसे यांनी नऊ जणांना जन्मठेप दिली. 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यातल्या चौघांचीच शिक्षा कायम ठेवली. मधल्या काळात मुख्य साक्षीदार पुन्हा फिरली आणि तिला न्यायालयाच्या अवमानाबद्दल शिक्षा झाली. म्हणजे सरकारी वकील बदलला म्हणून सगळं सरळ झालं, असं नाही. खरं-खोटं निवडण्याची संधी मात्र परत मिळाली.

महाराष्ट्राने याची आणखी एक बाजू पाहिली. 2008 च्या मालेगाव बॉम्बस्फोट खटल्यातल्या विशेष सरकारी वकील रोहिणी सालियन यांनी 2015 मध्ये जाहीरपणे सांगितलं, की आरोपींबाबत सौम्य धोरण ठेवा, असा निरोप राष्ट्रीय तपास संस्थेच्या एका अधिकाऱ्याकडून आपल्याला आला. संस्थेने आरोप फेटाळला. 2025 मध्ये सर्व सात आरोपी निर्दोष सुटले. आरोपाचं खरंखोटं मी इथे ठरवू शकत नाही. पण दबाव आल्याचं सांगणाऱ्या सरकारी वकिलाने ते कुठे, कोणापुढे नोंदवायचं, यासाठी आपल्याकडे पक्की जागा असायला हवी होती, हे मात्र ठामपणे म्हणता येतं.

मग जाब विचारायचं काम मतदारांवरच सोपवलं तर? अमेरिकेत जिल्ह्याचा सरकारी वकील बहुतेक राज्यांत निवडून येतो, म्हणजे त्याला मतदारांपुढे जावं लागतं. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहमचे माईक निफाँग यांनी 2006 मध्ये निवडणुकीच्या तोंडावर ड्यूक विद्यापीठातल्या तीन खेळाडूंवर बलात्काराचा खटला रेटला आणि आरोपींच्या फायद्याचे डीएनए निष्कर्ष दडवले. 2007 मध्ये त्यांची सनद गेली आणि एक दिवस तुरुंगातही जावं लागलं. मतपेटीने त्यांना वेसण घातली नाही. मतांच्या ओढीनेच तर ते वाहवत गेले. त्यांना थांबवलं दडवलेल्या कागदांनी, जे बचावाच्या वकिलांनी पानन् पान वाचून शोधले. बारडोलीत ज्या चिकाटीने खंडाच्या नोंदी तपासल्या गेल्या, तिचंच हे भावंड.

आपल्याकडे आज हत्यारं आहेत, आणि ती सामान्य माणसाला समजण्यासारखी आहेत. खटला मागे घ्यायचा तर सरकारी वकिलाला कोर्टाची परवानगी लागते. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आमदार-खासदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घ्यायला मनाई केली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 360 नुसार, खटला मागे घेण्याआधी पीडिताचं म्हणणं ऐकणं कोर्टाला बंधनकारक आहे.

आणि एक हत्यार पुन्हा गुजरातमधूनच आलेलं. 7 जानेवारी 2014 च्या किशनभाई निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्याला सांगितलं, की पोलीस आणि अभियोग खात्यातल्या वरिष्ठांची कायम समिती नेमा. आरोपी सुटला, की तिने तो निकाल वाचायचा, तपासात आणि खटला चालवण्यात काय चुकलं ते लिहायचं, आणि दोष नजरचुकीचा की मुद्दाम केलेला, हे ठरवून कारवाई करायची. कल्पना किती साधी आहे! हरलेला खटला फायलीत बंद न करता पुन्हा उघडून वाचायचा.

ही समिती आपल्या राज्यात किती वेळा बसते, काय लिहिते, कोणावर ठपका ठेवते, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. पत्रकारांनी ते विचारावं, वकील संघटनांनी विचारावं, गाजलेल्या खटल्यात आपलं माणूस गमावलेल्यांनी विचारावं. बारडोलीच्या शेतकऱ्याने सरकारला फक्त एवढंच म्हटलं होतं, की तुमचा हिशेब आमच्यासमोर मांडा. सरकारी वकिलाकडेही तेवढंच मागायचं आहे, आणि मिळेपर्यंत मागत राहायचं आहे.