फाटक्या कवितांचं सोनेरी पुस्तक

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. आज एका जुन्या इंग्रजी पुस्तकाबद्दल बोलायचंय. नाव अगदी छोटं, ‘सॅफो’. संपादक हेन्री थॉर्न्टन व्हार्टन. पहिली आवृत्ती लंडनमध्ये 1885 साली निघाली. पण जुन्या पुस्तकांचे शौकीन जिच्या मागे असतात ती 1895 ची तिसरी आवृत्ती, कारण तिच्या मुखपृष्ठाची सोनेरी नक्षी ऑब्री बियर्डस्लीची आहे.

आधी सॅफो कोण ते सांगतो. ग्रीसमधल्या लेस्बोस बेटावर इसवी सनापूर्वी 600 च्या आसपास होऊन गेलेली कवयित्री. कवयित्री म्हणतो आपण, पण ती गाणी रचायची. लायर नावाचं छोटं तंतुवाद्य वाजवत ती गायली जायची, आणि तुमच्या म्युझिक ॲपमध्ये जे ‘लिरिक्स’ लिहिलेलं असतं तो शब्द त्याच लायरवरून आलाय. गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, चाली सगळ्या गेल्या, लिरिक्स उरलं. तेही अर्धवट! अलेक्झांड्रियाच्या विद्वानांनी तिच्या गाण्यांचे नऊ ग्रंथ लावले होते असं मानतात. त्यातल्या एकट्या पहिल्या ग्रंथात 1320 ओळी होत्या. आज आपल्या हातात तिच्या सगळ्या मिळून साधारण साडेसहाशे ओळी आहेत, आणि त्यातल्याही कितीतरी तुटक्या.

मग या उरल्या कशा? तर इतरांनी उद्धृत केल्या म्हणून. कुणी व्याकरणकार एखाद्या विचित्र शब्दाचं उदाहरण द्यायला तिची अर्धी ओळ घेतो. कुणी भाषणकलेवर लिहिताना तिचं अख्खं गाणं उतरवून ठेवतो. ॲफ्रोडायटी देवीला आळवणारी तिची कविता पूर्ण मिळते ती अशीच. म्हणजे बघा, तुमचा सगळा चॅट उडाला आणि मित्रांनी घेतलेले चार स्क्रीनशॉट तेवढे राहिले, असा प्रकार.

व्हार्टननं हे सगळे स्क्रीनशॉट एकत्र लावले. हा माणूस पेशानं डॉक्टर, नाद पक्ष्यांचा. ब्रिटनमधल्या पक्ष्यांची यादी करण्यातही त्याचा हात होता. मला वाटतं, पुस्तकातही ती यादी करणाऱ्याचीच शिस्त दिसते. प्रत्येक तुकड्याला नंबर. आधी मूळ ग्रीक, खाली साध्या गद्यात शब्दशः इंग्रजी, शिवाय हा तुकडा कुणी, कुठे उद्धृत केला ती माहिती, आणि वेगवेगळ्या कवींनी त्याचे केलेले पद्य अनुवाद. प्रिय व्यक्ती समोर बसलीये आणि जीभ लुळी पडते, कानात आवाज घुमतो, घाम फुटतो, अशी तिची एक प्रसिद्ध कविता आहे. तिचे बरेच अनुवाद इथे एकाखाली एक आहेत. एकच गाणं, सगळी कव्हर व्हर्जन्स! ग्रीक अक्षरही येत नसलं तरी ते वाचताना कळतं की कुणी काय वाढवलंय आणि कुणी काय गाळलंय.

आता ‘गाळलंय’ हा शब्द महत्त्वाचा. ॲफ्रोडायटीच्या त्या कवितेत देवी सॅफोला धीर देते की आज जी व्यक्ती तुझ्यापासून पळतेय तीच उद्या तुझ्या मागे येईल. ही व्यक्ती बाई आहे हे ग्रीकमध्ये एका क्रियारूपाच्या शेवटावरून कळतं. बस्स, तेवढ्यावरून. आणि इंग्रजीत तिथे बराच काळ ‘तो’ छापला जात होता. व्हार्टननं 1885 मध्ये सरळ ‘ती’ लिहिलं. ना तळटीपेत आव आणला, ना माफी मागितली. त्याचा परिणामही लगेच दिसला. कॅथरीन ब्रॅडली आणि एडिथ कूपर या दोघी ‘मायकल फील्ड’ या एकाच पुरुषी नावानं लिहायच्या. त्यांनी हे पुस्तक वाचून 1889 मध्ये ‘लाँग अगो’ हा संग्रह काढला.

तिसऱ्या आवृत्तीचं साल पुन्हा बघा. त्याच 1895 च्या एप्रिलमध्ये लंडनमध्ये ऑस्कर वाइल्डला अटक झाली, पुरुषांशी असलेल्या संबंधांवरून. त्या गदारोळात बियर्डस्लीची ‘द यलो बुक’ या नियतकालिकाच्या कला संपादकपदावरून उचलबांगडी झाली. काढणारा प्रकाशक कोण? जॉन लेन. आणि ही सोनेरी सॅफो छापणारा? तोच जॉन लेन. व्हार्टन त्याच वर्षी वारला. आता हे माहीत झाल्यावर ती नक्षी नुसती ‘विंटेज लूक’ वाटत नाही, निदान मला तरी.

पण एक घोळ आहे. हे पुस्तक दोन-तीन वर्षांत जुनं झालं. 1896 च्या हिवाळ्यात ग्रेनफेल आणि हंट हे दोघे ऑक्सफर्डवाले इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस या जुन्या गावाचे उकिरडे खणायला लागले. खरोखरचे उकिरडे! त्यात पपायरसच्या कागदांचे ढीग निघाले, आणि 1898 पासून त्यातली सॅफो छापून यायला लागली. कागद उभे फाटलेले, त्यामुळे ओळीची सुरुवात आहे तर शेवट नाही. आज आपण वाचतो त्यातला मोठा भाग या कचऱ्यातून आलाय, आणि 1895 च्या प्रतीत तो असणं शक्यच नाही.

मग पुढच्या लोकांनी या भोकांचं काय केलं? लोब क्लासिकल लायब्ररीची ती छोटी हिरवी पुस्तकं पाहिली असतील. त्यात जे. एम. एडमंड्सचं ‘लायरा ग्रीका’ 1922 मध्ये यायला लागलं. देखणी पुस्तकं आहेत, पण एडमंड्सनं गाळलेल्या जागा स्वतःच्या अंदाजानं, चक्क स्वतः ग्रीक रचून भरल्या. इंग्रजी पान सलग वाचून जावं आणि वाटावं, वा, काय कविता आहे, तर त्यात सॅफो किती आणि एडमंड्स किती? पुढे 1982 पासून लोबनं डेव्हिड कॅम्पबेलचे पाच नवे खंड काढले आणि हे जुने बाजूला झाले. उलट ॲन कार्सननं 2002 च्या ‘इफ नॉट, विंटर’मध्ये भोकं तशीच ठेवली. चौकटी कंस आणि पांढरी जागा. काही पानांवर दोन-चार शब्द, बाकी कोरं. ‘पैसे कोऱ्या कागदाचे घेतले का?’ असं वाटू शकतं, पण मला हा जास्त खरा व्यवहार वाटतो.

एक मात्र ध्यानात ठेवा: पुस्तक जमवणं वेगळं आणि पपायरस जमवणं वेगळं. 2014 मध्ये सॅफोच्या भावांबद्दलची एक नवी कविता खासगी मालकीच्या पपायरसवर सापडल्याचं जाहीर झालं. तो कागद आला कुठून, यावरून एवढे प्रश्न उठले की त्याचा पूर्वेतिहास सांगणारा लेख ब्रिल या प्रकाशनानं 2021 मध्ये मागे घेतला.

तर घ्यायचीच असेल प्रत, तर आधी ठरवा कशासाठी. सॅफो वाचायची असेल तर कॅम्पबेल किंवा कार्सन. बियर्डस्लीची नक्षी हवी असेल तर प्रकाशकाची मूळ बांधणी शाबूत आहे का ते बघा, कारण नंतर चामड्यात बांधून घेतलेल्या प्रतीत ती उरत नाही. आणि नुसती पानं चाळायची असतील तर व्हार्टनचे हक्क कधीच संपलेत. इंटरनेट अर्काइव्हवर स्कॅन फुकट आहे, फोनवर नीट दिसतं. नंबर 1 आधी उघडा, ॲफ्रोडायटीची कविता तिथेच आहे. तो ‘ती’ शोधा, मग खालच्या पद्य अनुवादांत कुणाकुणाकडे ‘तो’ झालाय ते मोजून आम्हाला कळवा.